पुढच्या खोलीतलं लोखंडी टेबल

हल, १५ एप्रिल १९४१

मर्टल,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. मेलं असतं तर तार केली असती, एवढी अक्कल मला आहे. बोलणं तू टाकलंस की आम्ही टाकलं, यावर पुन्हा कधीतरी निवांत भांडू. आत्ता माझं एक काम अडलंय आणि ते तुझ्याशिवाय होणार नाही, म्हणून नाक मुठीत धरून लिहिते आहे.

आईला एक पत्र लिही. बस, एवढंच.

झालंय असं की नगरपालिकेने आपल्याला लोखंडी टेबल दिलंय. तुमच्या टॅडकॅस्टरला अशी टेबलं लागत नसतील, म्हणून सांगते. वर जाड पोलादी पत्रा, चार भक्कम पाय, चारी बाजूंना जाळी. दिवसा वर जेवायचं, हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की आत शिरून आडवं व्हायचं. घर अंगावर कोसळलं तरी आतली माणसं वाचतात. पर्सी स्टेदर्सने हातगाडीवर घालून आणून दिलं. पर्सी आठवतो ना, कोळशाच्या वखारीतला, दारातून डोकावला की ज्याचे कान आधी दिसायचे तो? आता तो हल्ल्याच्या वेळी पहारा देणारा आपल्या गल्लीचा वॉर्डन आहे. शिट्टी मिळाल्यापासून त्याचा रुबाब बघायला हवास.

तर ते टेबल सुटं करून मागच्या अंगणात पडलंय आणि गंजतंय. स्वयंपाकघरात मावत नाही. मावेल फक्त पुढच्या खोलीत, पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेल्या त्या खोलीत. आता आलं लक्षात?

आईला म्हटलं, हार्मोनियम भिंतीला सरकवू, गोल टेबल माडीवर नेऊ, झालं. तर म्हणाली, "पुढच्या खोलीत पिंजरा? आलेल्या पाहुण्यांना काय ससे दाखवू?"

"कुठले पाहुणे गं आई? त्या खोलीत शेवटचं कोण बसलं होतं, सांग बरं."

"तुझे वडील."

"ते बसले नव्हते, आई. शवपेटीत होते."

त्यानंतर रात्रीचं जेवण मला ताटात न मिळता ताटलीत मिळालं, आणि ताटलीही आपटून.

तू म्हणशील, दुसरीकडे जा लपायला. कुठे? अंगणात खड्डा खणून पाहिला. आपल्याकडची जमीन तुला माहीत आहे, कुदळ मारली की पाणी. बदकं पाळायची असती तर उत्तम सोय होती. गल्लीच्या तोंडाशी विटांचा निवारा बांधलाय, पण तिथे शेजारच्या सडबीबाई बसतात. त्यांच्या धुराड्यातली काजळी आईने सोमवारी धुऊन वाळत घातलेल्या चादरींवर उडाली, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद आहे. काजळी तू इथे असतानाची, मर्टल! त्या चादरी फाटून त्यांची फडकी झाली, फडकीसुद्धा झिजली, पण अबोला नव्यासारखा आहे. आई सरळ माडीवर पलंगावर झोपून राहते. "मरायचंच असेल तर स्वच्छ चादरीवर मरेन," म्हणते. मी जिन्याखाली गॅसच्या मीटरला टेकून बादलीवर बसते आणि वरच्या तिच्या घोरण्याकडे कान लावते. घोरतेसुद्धा गं, बाहेर तोफा चालू असताना!

मी कानीकपाळी ओरडून दमले. माझं ती ऐकत नाही, मी रोज समोर असते ना. तुझं ऐकेल. तू तिचं न ऐकता निघून गेलीस, तेव्हापासून तर तुझ्या नावाला घरात फारच वजन आलंय. दोन ओळी लिही. "आई, एनिड म्हणते ते टेबल लावून घे. खोली कशीही असली तरी मला चालेल." सोबत टपालाचं तिकीट पाठवते आहे, म्हणजे ती सबब नको.

एनिड


हल, २६ एप्रिल

मर्टल,

तुझं पत्र आलं. मला नव्हे, आईला. तिने ते मला वाचून दाखवलं, मग परत दाखवलं, मग चष्मा पुसून पुन्हा. छान लिहिलंयस. हवा, पाणी, क्लिफर्डचा खोकला, तुमच्याकडची फुलकोबी. आणि शेवटी, "जूनमधल्या व्हिटसनच्या सणाच्या सुट्टीत मी आणि क्लिफर्ड यायचं म्हणतो. एनिडच्या काळजीकडे लक्ष देऊ नकोस, ती पहिल्यापासून घाबरट."

घाबरट! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, मी दिवसभर बसवर तिकिटं फाडते, रस्त्यात बॉम्बचा खड्डा पडला की बस मागे घ्यायला लावते आणि पुढच्या गल्लीतून काढायला लावते, प्रवाशांच्या केसांत चुना असला तरी त्यांना "पुढे सरका" म्हणते. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला लोक उशा आणि पोरं काखेत मारून चढतात, बेव्हर्लीच्या पुढे शेतात झोपायला जातात. मी आईला म्हटलं, आपणही जाऊ. म्हणाली, "मी काय ढोर आहे उघड्यावर बसायला?" आणि घाबरट मी.

एक सांग, तुझ्याकडे रेडिओवर काय सांगतात? "ईशान्य किनाऱ्यावरचं एक गाव." तसंच ना? लंडनला लंडन म्हणतात, कॉव्हेंट्रीला कॉव्हेंट्री म्हणतात, आणि आम्ही आपले एक गाव! ते गाव म्हणजे आम्ही, मर्टल. दर वेळी आम्हीच. आमचं नाव घेतलं की शत्रूला पत्ता कळेल म्हणे. त्याला पत्ता चांगला पाठ आहे, तो फक्त तुम्हाला कळत नाहीये.

आता तुझ्या त्या गोड पत्राने काय झालंय ते ऐक. पुढच्या खोलीची साफसफाई सुरू झालीय. जाळीचे पडदे धुऊन खळ घालून झाले. खिडक्यांच्या काचांवर मी कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्या तिने खरवडून काढल्या, कारण बाहेरून बरं दिसत नाही. रेशनची साखर बाजूला काढतेय, म्हणजे तिच्या आणि माझ्याही वाटणीची. बिनसाखरेचा चहा पिऊन माझं तोंड कडू झालंय, मनाबद्दल तर बोलायलाच नको. सामन माशाचा एक डबा हार्मोनियमच्या आत दडवलाय. मला माहीत नाही असं तिला वाटतं.

आणि वडिलांची ती उंच पाठीची खुर्ची आहे ना, ती तिने मेण लावून घासली. दोन दिवस घासत होती. मी विचारलं, ही कुणासाठी? तर म्हणाली, "तो अंगाने भरलेला आहे ना. छोट्या खुर्चीत अवघडेल."

तो म्हणजे क्लिफर्ड. ज्याला तिने पावसात पायरीवर उभं ठेवलं होतं. "बिअरच्या भट्टीवर काम करणारा माणूस माझ्या घरात बसणार नाही," असं त्याच्या तोंडावर म्हणाली होती आणि दार लावलं होतं. तोच क्लिफर्ड, आणि तीच आई. आता चॅपलमध्ये लोकांना सांगते, "आमचे जावई बाटल्यांकडे नसतात हो, हिशेबाकडे असतात."

मला कळत नाही असं समजू नकोस. ती माफी मागतेय, मर्टल. तोंडाने मागणं तिला या जन्मी जमायचं नाही, म्हणून पडदे धुतेय. पण माफी मागायला माणूस जिवंत लागतो ना? व्हिटसनपर्यंत तिने जगायला हवं की नको?

म्हणून आता दोनपैकी एक कर. एक तर लिही की येणं जमत नाही. खोटं लिही, माझ्यावर ढकल, काहीही कर. नाहीतर याच आठवड्यात येऊन जा. खा तो सामन, बस त्या खुर्चीत, म्हणजे खोलीचं काम संपेल आणि मला टेबल लावता येईल. यातलं काहीच न करता पुन्हा फुलकोबीबद्दल लिहिलंस तर तुझं पत्र मी चुलीत घालीन.

एनिड


हल, ६ मे

मर्टल,

तुझं उत्तर नाही. नकोच. मी लावलं टेबल.

रविवारी आई चॅपलला गेली, ती वळणाआड होते न होते तोच पर्सी मागच्या दाराने हजर. दोघांनी मिळून हार्मोनियम ढकललं, गालिचा गुंडाळला आणि ते धूड उभं केलं. पर्सी सारखा म्हणत होता, "तुझी आई मला सोलून काढेल." मी म्हटलं, "शिट्टी वाजव, मी येईन." बोल्ट घट्ट करताना त्याचं बोट चेमटलं, तरी बिचारा कण्हला हळूच, भिंतीपलीकडे सडबीबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून.

आई आली. दारात उभं राहून पाहिलं. डोक्यावरची टोपी काढली होती, ती पुन्हा घातली, जणू चुकून दुसऱ्याच्या घरी आली. मग स्वयंपाकघरात जाऊन बसली. अख्खा रविवार तोंडाला कुलूप. सोमवारी कपडे धुतले, माझे सोडून. मला वाटलं, झालं, आता सडबीबाईंच्या जोडीला मीसुद्धा. त्या निदान भिंतीपलीकडे राहतात, मी कुठे जाऊ?

आज कामावरून आले तर पुढच्या खोलीचं दार उघडं. टेबलावर आईची लग्नातली पांढरी चादर, कडेला विणलेली झालर, आणि ती झालर अशी सोडलेली की जाळी दिसूच नये. वर चहाचे चांगले कप मांडलेले, निळ्या काठाचे, सगळे. पाहत बसली होती.

म्हणाली, "आता निदान टेबलासारखं दिसतं."

मी झालर उचलून आत वाकून पाहिलं.

"सहा माणसं बसतील याच्याभोवती," ती म्हणाली. "त्या गोल टेबलाला चारच बसायची."

"आणि आत कोण बसणार?"

"माझे गुडघे बघ आधी."

"मी ढकलेन तुला आत."

"तू ओरडणार नसशील तर जाईन. तू ओरडलीस की मला काही सुचत नाही. आणि त्या सडबीबाईला सांगू नकोस आपल्याकडे हे आहे म्हणून. दिवसाआड येऊन बसेल."

मग आम्ही तालीम केली. खरंच! ती रांगत आत गेली, केस जाळीत अडकले, शिव्या देता येत नाहीत म्हणून स्तोत्रातला एक शब्द जोरात म्हणाली. मग आतून आवाज आला, "एनिड, इथे कोळ्याचं जाळं आहे." नवीन टेबलाला कोळ्याचं जाळं कुठून असणार? पण फडकं मागून घेतलं आणि आतून पुसून काढलं. मला इतकं हसू आलं की जिन्यावर बसले. तीही हसली. खूप दिवसांनी हसली गं.

वचन दिलंय तिने. भोंगा वाजला की पलंग सोडायचा आणि आत जायचं, मी घरी असो नसो. उद्यापासून माझी रात्रपाळी आहे म्हणून मुद्दाम कबूल करून घेतलं.

तेव्हा जिंकले मी, तुझ्या मदतीशिवाय. हे पत्र फक्त मिरवायला लिहिलंय. आता या व्हिटसनला, दोघंही या. क्लिफर्डला सांग, पाय लांब करू नकोस, जाळीला लागतील.

एनिड


बेव्हर्ली, ११ मे

मर्टल,

माझी तार तुला मिळाली आणि तुझी मला. "टेबलाखाली नव्हती का." हे विचारलंस. मी तो कागद फाडला, मग तुकडे गोळा केले. घाबरटाला विचारायला तुला सुचलं तरी. थांब, मी असं लिहिणार नव्हते. सांगते नीट.

मी सडबीबाईंच्या बहिणीच्या घरी आहे. सडबीबाई, त्यांची दोन नातवंडं आणि मी. हो, सडबीबाई. वाच पुढे.

बुधवारी भोंगा वाजला तेव्हा मी गावात होते. बस रस्त्यात सोडली आणि आम्हाला एका तळघरात घातलं. सकाळी बाहेर आले तर ओळखीचं काही नव्हतं, दुकानं नाहीत, आगगाडीचं स्टेशन धुरात. पाण्याच्या नळ्या ओलांडत, काचांवरून चालत घरी आले. पूर्ण रस्ताभर मी स्वतःला सांगत होते, ती टेबलाखाली आहे, कबूल केलंय तिने. रेडिओने काय सांगितलं, ऐकलंस ना? एक गाव. तेव्हा तू जेवत असशील.

आपल्या घराची मागची बाजू नाही. मागच्या बोळात पडला बॉम्ब. स्वयंपाकघर, जिना, तिची खोली, सगळं खाली. पुढच्या खोलीचं छत टेबलावर उतरलं आणि टेबल हललं नाही. पर्सीने आणि त्याच्या माणसांनी विटा उपसल्या, जाळी कापली. आतून तीन माणसं जिवंत निघाली. पर्सी मला बघून इकडे येईना. तो लांब उभा राहून हातातली शिट्टी पुसत बसला, तेव्हाच मी समजले.

आतली तीन माणसं म्हणजे सडबीबाई आणि त्यांची पोरं. त्यांनी मला जे सांगितलं ते मी तसंच लिहिते, कारण माझ्या डोक्यात ते त्यांच्याच आवाजात फिरतंय.

"आमच्या छपरावर आगीचे गोळे पडले गं. निवाऱ्याकडे जायचा रस्ता जळत होता. पोरांना घेऊन तुमच्या दारावर धडका मारल्या. वाटलं, उघडून तोंडावर लावून घेईल. उघडलं आणि म्हणाली, 'पाय पुसा.' बाहेर जग जळतंय आणि ही म्हणते पाय पुसा! आम्ही पुसले. मग म्हणाली, 'चला, पुढच्या खोलीत.' कप उचलून ठेवले, चादर वर केली, आम्हाला आत घातलं. तुझ्या आईला म्हटलं, एडा, तूही ये, पोरं बारकी आहेत, जागा आहे. आली. खरंच आली गं, माझ्या शेजारी बसली, आमचे खांदे लागत होते. मग ती बाहेर निघायला लागली. म्हटलं, कुठे? म्हणाली, 'पुढच्या खोलीत माणसं बसलीत आणि चहा नाही. काय म्हणतील लोक?' म्हटलं, अगं बाई, लोक म्हणजे मीच ना? मी काही म्हणत नाही! तर म्हणाली, 'तुम्हीच तर सगळ्यात आधी म्हणाल.' आणि हसली. चुलीवर किटली गरमच होती. ते निळे कप घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथून विचारलं, 'पोरांना साखर चालते ना?' मी म्हटलं, हो, चालते. मी हो म्हटलं गं."

बस. एवढंच झालं, मर्टल.

तर होय. ती टेबलाखाली होती. मग ती नव्हती.

आता तू सांग, मी कुणावर चिडू? त्या वरच्या विमानातल्या पोरावर चिडून पाहिलं, जमत नाही, त्याचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. सडबीबाईंवर चिडायला गेले तर त्या माझे मोजे धूत बसलेल्या असतात, मला पाण्याची बादली उचलू देत नाहीत, आणि मध्येच थांबून म्हणतात, "मी नको म्हणायला हवं होतं का गं?" काय उत्तर देऊ? तुझ्यावर चिडणं सगळ्यात सोपं होतं, आणि तीन दिवस मी तेच केलं. तू ते गोड पत्र लिहिलं नसतंस तर, तू घाबरट म्हणाली नसतीस तर. पण ते जुळत नाही. तुझ्या पत्रानंतरही ती आत बसलीच होती, मीच बसवलं होतं.

आणि खरं सांगू? स्वयंपाकघरात सडबीबाई आल्या असत्या तर आईने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नसतं. ती उठली, कारण त्या पुढच्या खोलीत बसल्या होत्या. आणि पुढच्या खोलीत टेबल मी लावलं. मी जिंकले म्हणून तुला लिहिलं होतं ना? ते पत्र फाडून टाक. माझ्या डोळ्यांना ते पुन्हा दिसता कामा नये.

मला तिचा इतका राग येतो की झोप लागत नाही. वचन दिलं होतंस, म्हणून ओरडावंसं वाटतं. आणि लगेच वाटतं, ओरडू नकोस, तू ओरडलीस की तिला काही सुचत नाही.

आता कामाचं. येत्या बुधवारी दुपारी दोन वाजता चॅपलमधून नेणार आहेत. नगरपालिका बाकीच्यांबरोबर एकत्र पुरायला तयार होती, मी नाही म्हटलं, वडिलांच्या शेजारची जागा तिची आहे. चॅपलच्या खिडक्या गेल्यात, तेव्हा जाड कोट घालून ये. पेटी थेट तिथेच आणतील, घर नाही. खांदा द्यायला चौघं लागतात. पर्सी आहे, त्याचा भाऊ आहे, वखारीतला एक म्हातारा आहे, त्याला जमेल. चौथा नाही. गल्लीतले पुरुष एक तर सैन्यात आहेत, नाहीतर दवाखान्यात, नाहीतर तिच्यासारखेच.

क्लिफर्डला विचार. त्याला पायरीवरून परत पाठवलं होतं, हे मला माहीत आहे, आणि तो नाही म्हणाला तर मी त्याला दोष देणार नाही, मी स्वतः उचलेन, बसवरचं पुरुषांचं कामही करतेच. पण त्याला हे सांग की ती त्याची वाट पाहत होती. खुर्चीचं सांग, साखरेचं सांग. मी लिहिलं होतं ते तू त्याला वाचून दाखवलं नसशील, तुला मी ओळखते. आता दाखव.

आणि तू ये. मंगळवारीच ये, इथे बेव्हर्लीला, सडबीबाईंनी तुझ्यासाठी जमिनीवर गादी घातलीय. मला तुझ्याशी भांडायचं आहे, मर्टल, समोर बसवून, घसा बसेपर्यंत. माझ्यावर ओरडायलाही आता तूच उरली आहेस. पत्रातून नीट भांडता येत नाही गं.

एनिड